सहा वर्षं ज्या दुकानातून गोळ्या घेतेय त्याबद्दल आज सविस्तर लिहिते

आमच्या घरापासून चालत आठ-नऊ मिनिटांवर एक जनऔषधी केंद्र आहे, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान. गल्लीच्या तोंडाशी, एका बाजूला पोळीभाजी केंद्र, दुसऱ्या बाजूला चावीवाला आणि मधे हा एवढासा गाळा, काउंटरसमोर तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने फुटपाथवर थांबायचं. पावसाळ्यात ताडपत्रीच्या शिवणीतून नेमकं त्या चौथ्याच्या खांद्यावर पाणी गळतं. दुकानाचं नाव-पत्ता मुद्दाम देत नाहीये कारण पुढे एक-दोन तक्रारीही आहेत, आणि चालवणारी नवरा-बायको दोघंही फार मेहनती माणसं आहेत. पण मुंबईत आता अशी केंद्रं बरीच झालीत, तुमच्याही घराजवळ एखादं असेल, म्हणून लिहितेय.

हे दुकान मला का महत्त्वाचं वाटतं ते कळायला थोडं मागे जावं लागेल, २०१८ च्या जुलैमध्ये. माझे सासरे, नाना, यांची अँजिओप्लास्टी झाली. रात्री अकराला छातीत दुखायला लागलं, पाऊस मरणाचा, टॅक्सी मिळेना, शेवटी शेजारच्या मुलाने त्याच्या गाडीतून जवळच्या प्रायव्हेट हॉस्पिटलला नेलं. त्यांनी जीव वाचवला, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकार आहेत आणि ते मी कधी विसरणार नाही. पण पाचव्या दिवशी डिस्चार्जला बिल हातात आलं ते २ लाख ४१ हजार. आणि मी बँकेत काम करते त्यामुळे कागद वाचायची सवय आहे, मी तिथे लॉबीतल्या खुर्चीवर बसून सगळी पानं वाचली.

स्टेंटची, म्हणजे अडलेली रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या बारीक जाळीची, ओळ मला लगेच सापडली. २७,८९० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २९,२८४ रुपये ५० पैसे. शेजारी कंपनीचं नाव, बॅच नंबर, सगळं व्यवस्थित. कारण सरकारने तसा नियमच केलाय, एनपीपीए म्हणजे राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण, त्यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीला पहिल्यांदा कमाल मर्यादा घातली तेव्हाच सांगितलं की बिलात स्टेंट वेगळा दाखवायचा, नाव आणि बॅच नंबरसकट. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० आणि साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० अशी कमाल किंमत होती, वर्षभराने ती २७,८९० आणि ७,६६० केली. त्याआधी हाच औषधवाला स्टेंट सव्वा लाखाच्या घरात जायचा. एनपीपीएने आकडे काढले तेव्हा मधल्या साखळीत ६५४ टक्क्यांपर्यंत मार्जिन निघालं होतं. आणि हे काही सरकारला आपणहून सुचलं नाही, दिल्लीचे बिरेंदर सांगवान नावाचे वकील आहेत त्यांनी हायकोर्टात जनहित याचिका लावून धरली, मग २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेला आणि मग भाव बांधता आला. एका माणसाने कोर्टाची पायरी चढली म्हणून आमचे लाखभर रुपये वाचले असं मी घरात सगळ्यांना सांगते.

पण खरंच वाचले का, हा प्रश्न मला त्या लॉबीतच पडला होता. कारण स्टेंट झाला २९ हजारांचा आणि बिल २ लाख ४१ हजारांचं, म्हणजे स्टेंट जेमतेम आठवा हिस्सा. बाकी काय तर बलून, गाइड वायर, गाइडिंग कॅथेटर, डाय, कॅथलॅब चार्जेस, आणि कन्झ्युमेबल्सची, म्हणजे एकदा वापरून टाकायच्या वस्तूंची, सलग चार पानं, त्यात ग्लोव्ह्ज, सिरिंज, ड्रेसिंग, मास्क, एकेक ओळ. माझ्या ब्रँचमधल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांची २०१६ मध्ये, म्हणजे भाव बांधायच्या आधी, अँजिओप्लास्टी झाली होती, तीही एकाच स्टेंटची. त्याने घरून ते बिल शोधून आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोन्ही बिलं टेबलावर शेजारी ठेवून बघितली. त्याचं एकूण अडीच लाख. त्यात स्टेंट १ लाख १८ हजार. म्हणजे स्टेंट ९० हजारांनी उतरला आणि बिल फक्त नऊ हजारांनी. आता हॉस्पिटल वेगळी, पेशंट वेगळे, दिवस वेगळे, दोन बिलांवरून सिद्ध काहीच होत नाही हे मला समजतं. पण २०१८ च्याच फेब्रुवारीत एनपीपीएने दिल्लीकडच्या चार मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलांची बिलं तपासून जे छापलं होतं ते मी नंतर वाचलं, त्यात औषधं, कन्झ्युमेबल्स, टेस्ट यांच्यावर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला होता, तेव्हा वाटलं की आमच्या टेबलावर जे दिसलं ते काही अगदीच भलतं नव्हतं. एका वस्तूचा भाव बांधला की पैसे शेजारच्या ओळीत सरकतात, आणि पेशंटचा नातेवाईक रात्री बाराला काउंटरवर उभा असताना प्रत्येक ओळीवर वाद घालू शकत नाही.

भाव बांधू नये असं मी अजिबात म्हणत नाहीये. बांधलाच पाहिजे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटचा बांधला, नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० जो आधी दीड लाखाच्या वर होता, आमच्या मजल्यावरच्या काकूंना त्याचा फायदा झालाय. फक्त माझ्या हातातल्या पैशाला तो फरक जाणवला नाही इतकंच. जाणवला तो त्या गळक्या ताडपत्रीखाली, तो असा.

डिस्चार्जनंतर महिन्याचा गोळ्यांचा खर्च सुरू झाला. नानांची रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन, पित्ताची. आणि आईंची, म्हणजे सासूबाईंची, शुगरची दोन प्रकारची, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, कॅल्शियम. दोघांचं मिळून महिन्याला ३,४०० च्या आसपास जायचं. नेहमीचं मेडिकल दहा टक्के सूट द्यायचं, ती धरूनच सांगतेय. वर्षाचे चाळीस हजार. नानांचं पेन्शन तुटपुंजं, मिलमधली नोकरी, ते दर महिन्याला पाकिटातून पैसे काढून माझ्या हातात ठेवायचे आणि मी घ्यायचे नाही आणि मग त्यांचा चेहरा पडायचा, ते मला फार लागायचं. पुढे कळलं की ते रात्रीची गोळी एक दिवसाआड घेत होते. पुरवून पुरवून. स्टेंट बसलेला माणूस. मी त्यांच्यावर ओरडले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा या केंद्रात गेले, २०१९ च्या जूनमध्ये.

काउंटरवर त्या ताई होत्या, फार्मासिस्ट त्याच, नवरा हिशोब आणि माल बघतो. डॉक्टरांची चिठ्ठी दिली, त्यावर सगळी ब्रँडची नावं. त्यांनी चिठ्ठीची मागची बाजू वर केली आणि पेनने एकेक ब्रँडसमोर आतलं औषध कोणतं आणि किती मिलिग्रॅम ते लिहून काढलं, मोठ्या स्वच्छ अक्षरात, आणि म्हणाल्या, "ताई, आज काहीच घेऊ नका. हे डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणाले की या." मी आजवर एकाही दुकानात असं ऐकलं नव्हतं. दुकानदार गिऱ्हाइकाला परत पाठवतो का कधी.

डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली, दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले चालेल, पण बीपी रोज लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून दाखवा, आणि काही वेगळं वाटलं तर फोन करा, मनाने काही बंद करायचं नाही. मी शंभर पानी वही घेतली. सकाळ-संध्याकाळ आकडे, नाना स्वतः लिहायचे, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. बदलायच्या आधी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६८ होतं, तीन महिन्यांनी ७१. बीपी वहीत सगळं १२० ते १३४ च्या मधे. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, चालू ठेवा. ती वही अजून कपाटात आहे आणि कुणी मला म्हटलं की स्वस्तातल्या गोळ्या म्हणजे खडूची पावडर, की मी वही काढून दाखवते. आमच्या एका घराची वही आहे ही, सगळ्या देशाचा रिपोर्ट नाही हे कबूल, पण वर्षानुवर्षं त्याच गोळ्या घेऊन नाना आज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला जातात.

स्वस्त का मिळतं हेही मी त्या ताईंना खोदून खोदून विचारलं, कारण अडीच रुपयांची गोळी बघितली की पहिली भीतीच वाटते. तर गंमत अशी की या औषधांची पेटंटं कधीच संपलेली आहेत, गोळी बनवायला फार पैसे लागतच नाहीत, पैसे लागतात ते ब्रँडला, एमआरला म्हणजे कंपनीच्या विक्री प्रतिनिधींना, डॉक्टरांकडच्या जाहिरातीला, आणि स्टॉकिस्ट-दुकानदार यांच्या मार्जिनला. जनऔषधीत सरकारी संस्था टेंडर काढून एकदम मोठा माल घेते, डब्ल्यूएचओ-जीएमपी म्हणजे चांगल्या उत्पादनपद्धतीचं सर्टिफिकेट असलेल्या कारखान्यांकडूनच, प्रत्येक बॅच एनएबीएल या संस्थेची मान्यता असलेल्या लॅबमध्ये तपासून मग दुकानाला पाठवते आणि पाकिटावर जी किंमत छापली तीच घ्यायची. दुकान सरकारी नसतंच मुळात, आपल्यासारखीच माणसं अर्ज करून चालवतात, त्यांना २० टक्के मार्जिन आणि वर खरेदीवर थोडा प्रोत्साहन भत्ता. म्हणजे पोट भरतं पण गाडी-बंगला होत नाही. ताईंचा नवरा संध्याकाळी दुसरं कामही करतो.

आणि ही योजना काही काल-परवाची नाही. २००८ साली अमृतसरला पहिलं दुकान उघडलं, मग बरीच वर्षं रखडली, २०१४ पर्यंत सगळ्या देशात जेमतेम ८० दुकानं चालू होती, २०२५ च्या सुरुवातीला १५,००० च्या वर गेली. कुठल्या पक्षाने काय केलं याच्यावर मला भांडायचं नाहीये. एकाने सुरू केली, दुसऱ्याने वाढवली, आणि दोन्ही झालं ते चांगलंच झालं.

आता घरात काय झालं ते. आईंनी पहिले पंधरा दिवस नव्या गोळ्यांना हातच लावला नाही. त्यांना औषधाचं नाव कळत नाही, रंग कळतो. सकाळची गुलाबी, जेवणाआधीची पिवळी लांबट, रात्रीची अर्धी पांढरी. नव्या सगळ्याच पांढऱ्या निघाल्या. "मला फसवताय तुम्ही, ही माझी गोळी नाही," असं म्हणून त्या डबा सरकवून द्यायच्या. आणि त्यांचं चुकत नव्हतं, सगळ्या गोळ्या सारख्या दिसल्या तर शुगरची दोनदा आणि बीपीची एकदाही नाही असं होऊ शकतं, वयस्कर माणसाला ते जिवावर बेतेल. मग मी स्टीलचा पानाचा डबा होता जुना, चार खणांचा, तो घेतला, प्रत्येक खणात एका वेळच्या गोळ्या आणि पट्टीच्या मागे काळ्या मार्करने मोठ्या अक्षरात सकाळ, जेवणाआधी, रात्र. ताईंनी आणखी एक शिकवलं, पट्टी कापायची तर तारीख आणि नाव छापलंय ती बाजू शेवटी कापायची. आता आईंना सवय झाली. पण दर सहा-आठ महिन्यांनी बनवणारी कंपनी बदलते आणि गोळीचा आकार पुन्हा बदलतो, मग पुन्हा दोन दिवस समजूत घालावी लागते. ही खरी अडचण आहे आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसं एकटी असतात त्यांनी हे आधी लक्षात घ्या.

पैशाचं सांगते. पहिल्या महिन्यापासून सगळंच उतरलं असं नाही. आईंची एक शुगरची गोळी, सिटाग्लिप्टिन, तेव्हा पेटंटखाली होती, ती एकटीच महिन्याला तेराशे खायची आणि ती केंद्रात नव्हतीच. बाकी सगळं मिळून सहाशेत यायला लागलं आणि ही एक तेराशेची. २०२२ च्या जुलैत तिचं पेटंट संपलं आणि सप्टेंबरमध्ये केंद्रात आली, ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपये. मला तो दिवस आठवतो, ताईंनी स्वतः फोन केला, "ताई, आजींची गोळी आली." तेराशेच्या जागी महिन्याचे १८०. त्या महिन्याचं दोघांचं मिळून बिल ८४० झालं होतं. नानांनी पाकीट काढलं, ८४० मोजून टेबलावर ठेवले, आणि या वेळी मी ते घेतले. आता दर महिन्याला तेच देतात. त्यांना परवडतं आणि त्यांची मान वर राहते, मला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे.

घरात लागणाऱ्या मशीनचंही थोडं लिहिते कारण केंद्रात तीही मिळतात. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडची दुसरी लाट, मी एका दुकानातून ऑक्सिमीटर २,२०० रुपयांना घेतला होता, रांगेत उभं राहून, घासाघीस करायची हिंमतच नव्हती. जुलैमध्ये सरकारने ऑक्सिमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर या पाच वस्तूंवर डिस्ट्रिब्युटरच्या किमतीपासून छापील किमतीपर्यंत ७० टक्क्यांच्या वर मार्जिन ठेवायचं नाही असं बांधून दिलं. त्याआधी या वस्तूंवर ७०९ टक्क्यांपर्यंत मार्जिन निघालं होतं असं त्यांनीच सांगितलं. जूनमध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं केलं होतं, तेही ७० टक्के. ऑगस्टमध्ये मी त्याच कंपनीचा तोच ऑक्सिमीटर माहेरी द्यायला घेतला, ८५० ला. लाट ओसरली होती हे कारणही असणारच, पण बॉक्सवरची छापील किंमतच कमी झाली होती हे मी डोळ्यांनी बघितलं. वाईट एवढंच वाटतं की हे एप्रिलमध्ये झालं असतं तर.

बीपी मशीनसाठी मात्र मी प्रिन्सेस स्ट्रीटला गेले होते, दवा बाजारात, तिथे सर्जिकलची दुकानं ओळीने आहेत. छापील २,६०० चं मशीन पहिल्या दुकानात १,९००, तिसऱ्या दुकानात १,४५०, एकच मॉडेल. दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला की मॅडम एमआरपी बघूच नका. आता हे असं का असावं. ज्याला प्रिन्सेस स्ट्रीट माहीत आहे त्याला १,४५० आणि ज्याच्या घरी पेशंट आहे आणि जो कोपऱ्यावरच्या दुकानात धावत गेलाय त्याला २,६००. केंद्रात हा प्रकार नाही, छापलंय तेच द्यायचं, आणि तेच मला पटतं. ग्लुकोमीटरचं वेगळं, मशीन कुठेही स्वस्तच मिळतं, खर्च सगळा रक्त तपासायच्या पट्ट्यांचा असतो, आईंच्या महिन्याला पंचवीस-तीस पट्ट्या लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, बहुतेक औषधांवरचाही, त्याने दर महिन्याला थोडे का होईना वाचतायत. नवीन पट्ट्या घेताना जुन्या किमतीचा बॉक्स तर देत नाहीत ना ते बघून घ्या, मला एका दुकानात तसा मिळाला होता, विचारल्यावर लगेच कमी केले.

आणखी एक वस्तू जी मी सगळ्यांना सांगते, सॅनिटरी पॅड. एक रुपयाला एक. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या दोन मुली आहेत, मी पहिल्यांदा पाकिटं आणून दिली तेव्हा मावशींनी किंमत विचारली आणि विश्वासच बसेना. आता त्या स्वतः जातात, त्यांच्या वस्तीतल्या बायकांचीही घेऊन येतात, एकदम वीस-वीस पाकिटं.

आता तक्रार. यंदा मार्चमध्ये नानांची रक्त पातळ करायची गोळी या दुकानात तीन आठवडे नव्हती. उद्या येईल, परवा येईल करत करत तीन आठवडे. स्टेंट बसलेल्या माणसाची ही गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नसते, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी बाहेरून ब्रँडची घेतली, पण ज्याच्या खिशात तेवढे पैसे नसतील तो काय करेल, थांबेल. आणि थांबणं म्हणजे काय ते आम्ही नानांच्या एक दिवसाआडच्या गोळ्यांवरून शिकलोय. नंतर कळलं की दादरच्या बाजूला दुसऱ्या केंद्रात ती होती, म्हणजे या दुकानाने ऑर्डर वेळेवर टाकली नव्हती. ताईंना तसं सरळ विचारलं तर त्यांनी कबूल केलं, त्या महिन्यात पैसे अडकले होते म्हणाल्या, आणि तेव्हापासून एक वही ठेवलीय, हृदयाच्या आणि फिट येणाऱ्या पेशंटची नावं, फोन नंबर आणि कोणती गोळी कधी संपते. हे त्यांनी आपणहून केलं. पण सुरुवातीपासून असायला हवं होतं. तुम्ही जाल तेव्हा हातात दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा, दोन गोळ्या उरल्यावर नको. मोबाइलवर जनऔषधी सुगम नावाचं अ‍ॅप आहे त्यात औषधाचं नाव टाकलं की किंमत दिसते आणि जवळची केंद्रंही, त्यातून दुसरं केंद्र शोधून फोन करून ठेवा.

दुसरी गोष्ट, रविवारी बंद. ज्यांना आठवडाभर लोकलचे धक्के खात ऑफिस गाठायचंय त्यांना रविवार सोडून वेळच नसतो. निदान सकाळी तीन तास उघडा अशी मी दोनदा विनंती केलीय.

आणि एक जे दुकानाच्या हातात नाही. डॉक्टर अजूनही ब्रँडचंच नाव लिहितात, बहुतेक सगळे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम आणला होता की जेनेरिक नावच, म्हणजे ब्रँडचं नाही तर आतल्या औषधाचं नाव, लिहायचं, तीन आठवड्यांत तो स्थगित केला. डॉक्टरांचं म्हणणं होतं की क्वालिटीची खात्री द्या मग लिहितो. त्यात तथ्य आहे, सगळीच जेनेरिक सारखी नसतात. पण मग ब्रँडच्या खाली कंसात औषधाचं नाव लिहायला काय हरकत आहे, पेशंटला निदान कळेल तरी आपण काय गिळतोय. आमच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं आणि ते आता लिहितात. सांगितलं म्हणून लिहितात. ताईंनी त्या पहिल्या दिवशी चिठ्ठीच्या मागे जे लिहिलं होतं ते डॉक्टरांनी पुढच्या बाजूला लिहायचं, मी एवढंच मागत होते.

कार्डांबद्दल दोन ओळी, कारण लोक विचारतात. २०१८ मध्ये आमचं पांढरं रेशनकार्ड, म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, नाना बसले नाहीत. १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डांना योजना लागू झाली, पाच लाखांपर्यंत. आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं, म्हणजे केंद्र सरकारच्या तशाच योजनेचं, वय वंदना कार्ड मिळतं, दोघांचीही काढून ठेवलीत, आधार कार्डावर होतं. जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात चालतं ते आधीच विचारून कागदावर लिहून फ्रिजला लावलंय. रात्री अकराला शोधायची वेळ येऊ नये. अजून वापरायची वेळ आली नाही, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तर रेटिंग. औषधांच्या किमतीला पाच. ताईंच्या वागण्याला पाच, मागच्या महिन्यात एक काका फुटपाथवर उभे राहून घामाघूम झाले तेव्हा त्यांनी स्वतःचं स्टूल बाहेर नेऊन दिलं आणि उरलेला वेळ उभ्यानेच काम केलं. जागेला दोन. स्टॉकला साडेतीन, मार्चनंतर सुधारलाय, मार्चमध्ये विचारलं असतं तर एक दिला असता. जाताना जुनी पट्टी किंवा रिकामं पाकीट घेऊन जा, नुसतं नाव सांगितलं की मिलिग्रॅममध्ये चूक होते. सकाळी साडेअकराच्या सुमाराला गर्दी कमी असते, संध्याकाळी सहानंतर रांग पोळीभाजी केंद्राच्या पुढे जाते. आणि पाऊस असेल तर काउंटरच्या डाव्या बाजूला उभे राहा, तिकडे गळत नाही.